नाळ पडेपर्यंत

चांद्याहून एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझं हजेरीपुस्तक चाळलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तीन वर्षांत एकही रजा नाही? याला म्हणतात सेवावृत्ती." मी म्हटलं, "सेवावृत्ती कसली साहेब, नाळ आहे." त्यांना ते कळलं नाही. कळलं नाही की अधिकारी जे करतात तेच त्यांनी केलं, शेऱ्यात लिहिलं, 'कामात चोख, बोलण्यात उद्धट.' त्यातला पहिला भाग पुढे कुणाला आठवला नाही. दुसरा मात्र सेवानिवृत्तीपर्यंत माझ्याबरोबर गावोगाव फिरला.

गोष्ट पन्नास ते साठच्या दरम्यानची आहे. तेव्हा गडचिरोली हा जिल्हा नव्हता, चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती. मी वरोऱ्याची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा विषमज्वराने गेला. विधवा पोरीचं काय करायचं, हा प्रश्न माझ्या घरच्यांना पडला होता. जंगलात पाठवायला नर्स कुठून आणायच्या, हा प्रश्न सरकारला पडला होता. दोघांनी मिळून एकच उत्तर काढलं, ते मी. नागपूरला बाळंतपणाचं शिक्षण देऊन मला वैनगंगेच्या पलीकडच्या एका गावी पाठवण्यात आलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि तीही माझ्यासारखीच तोंडाने फटकळ आहेत.

दवाखाना म्हणजे पाटलांच्या धानाच्या कोठाराचा अर्धा भाग होता. उरलेल्या अर्ध्या भागात धान. पहिले सहा महिने माझ्याकडे फक्त उंदीर आले. गावाला सुईण होती ना. बुधाबाई तिचं नाव. गोंडटोल्यातली, साठीच्या घरातली, काटकुळी, कमी बोलणारी. ती बांबूच्या धारेच्या कामटीने नाळ कापायची आणि वर चुलीतली राख दाबायची. बाळ रडायचं, दूध ओढायचं, सगळं छान. मग सातव्या-आठव्या दिवशी काही बाळांचे जबडे मिटायचे, अंग ताठ व्हायचं आणि बाळ जायचं. त्याला धनुर्वात म्हणतात. गाव म्हणायचं, सटवाईनं नेलं.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळ जन्मलं की नाळ दोन ठिकाणी दोऱ्याने घट्ट बांधायची, मधोमध कापायची, की झालं. सगळी विद्या एवढीच, की कात्री आणि दोरा उकळलेला हवा, हात धुतलेले हवेत आणि वर काहीही फासायचं नाही. बाळाच्या पोटावर उरलेला तुकडा सुकतो आणि पाच ते दहा दिवसांत आपोआप गळून पडतो. एवढ्यासाठी सरकारने मला दोन वर्षं शिकवलं होतं आणि एवढंच करायला कुणी मला दारात उभं करत नव्हतं.

शेवटी मी बुधाबाईशीच सौदा केला. म्हटलं, बाळंतपण तूच कर, मी फक्त नाळ कापीन. ती बराच वेळ माझ्या कात्रीकडे पाहत राहिली.

"काप," ती म्हणाली. "पन मंग नेम बी पाळा लागन."

"कसला नेम?"

"जिच्या हातानं नाळ कापली, तिनं नाळ पडेपर्यंत गंगा ओलांडाची नाई."

गंगा म्हणजे त्यांची वैनगंगा. हा नेम मूळ गोंडांचा की कुणब्यांचा, यावर गावात दोन मतं होती, पाळत मात्र दोघेही होते. मी मनातल्या मनात हसले. फार तर दहा दिवस! तेवढ्यात मी जाणार तरी कुठे होते? सगळ्यांसमोर, मोठ्या उदारपणाने मी हो म्हटलं. शिकलेल्या माणसाने अडाणी माणसाशी सौदा करताना जरा दमाने घ्यावं, हे मला कोणत्याही पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

नेमात अक्कल होती, हे मला पुढे कळलं. बाळाला धोका त्याच दिवसांत असतो. जिने कापली तिने तोवर हाकेच्या अंतरावर राहावं, बाळाचं काही झालं तर आईच्या डोळ्याला डोळा देऊन उभं राहावं, असा तो हिशेब होता. आमच्या खात्यात असा नेम असता तर निम्मी कचेरी नदीच्या अलीकडे अडकून पडली असती.

बाळं जगू लागली. एक जगलं, दुसरं जगलं, आणि मग भोवतालच्या सात-आठ गावांना उकळलेल्या कात्रीची चटक लागली. खाचरांतून, जंगलातून, भर दुपारी बैलगाड्या माझ्या दारी येऊ लागल्या. एकीच्या बाळाची नाळ पडायच्या आत दुसरीच्या बाळाची कापलेली असे, आणि दुसरीची पडेस्तोवर तिसरी कळा देत असे. मी हुशार निघाले हीच माझी चूक झाली. कामचुकार नर्स असते तर महिन्यातून दोनदा वरोऱ्याला जाऊन आले असते.

डोंगा चालवणारा फकिरा ढिवर हा या नेमाचा नाकेदार होता. आठ गावांतल्या कोणत्या बाळाची नाळ कोणत्या दिवशी कापली, ते त्याला माझ्या रजिस्टरपेक्षा पक्कं ठाऊक असे. मी काठावर नुसती हवा खायला गेले तरी तो वल्हं आडवं धरून विचारायचा, "कोनाची बाकी हाय, बाई?" मी नाव सांगितलं की तो मान हलवायचा आणि माझ्यासमोरून शेळ्या घेऊन पार जायचा. शेळ्यांना मोकळीक होती.

बाप लोक तर त्याहून वरचढ. नाळ पडली की ती पळसाच्या पानात बांधून मला दाखवायला आणायचे. एक जण सहा कोस चालून आला आणि पान उघडून म्हणाला, "पडली वो, बाई. आता तुमी कुठीबी जा." त्याला काय सांगणार, की आदल्याच दिवशी मी त्याच्या मेहुणीच्या बाळाची कापली होती. एका बाळाची तर चौदा दिवस पडेना. वरोऱ्याला माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं लग्न होतं. मी रोज सकाळी त्या घरी जाऊन बेंबीकडे अशी पाहायची की त्याच्या आजीने शेवटी बाळावरून मीठ-मिरची ओवाळून टाकली. बाईची नजर लागते म्हणाली.

एका उन्हाळ्यात मी फसवायचं ठरवलं होतं. नदीला गुडघाभर पाणी, डोंग्याची गरज नाही, फकिरा जेवायला गेलेला. लुगडं आवरून मी पाण्यात उतरले आणि मधोमध जाऊन थांबले. या आठवड्यात यांचं एखादं बाळ दगावलं तर पुन्हा राख आणि कामटी, हे मला तिथे उभं राहून लख्ख दिसलं. मी परत फिरले. काठावर चार बायका धुणं धूत होत्या. त्यांनी गावभर सांगितलं की बाई गंगेची पूजा करायला मधोमध गेली होती. त्या दिवसापासून मी देवी झाले.

आणि खरं सांगू का, मला ते आवडलं. देवी म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही? लोक बाजूला होऊन वाट देत, पहिल्या मोहाची फुलं माझ्या दारात ठेवत. देवीला काय हवं ते मात्र कुणी विचारत नसे. पण कुणी विचारत नसलं की आपल्याला काही नकोच आहे असं स्वतःलाही वाटायला लागतं. त्यागाची नशा मोहाच्या दारूपेक्षा वाईट. दारू निदान सकाळी उतरते.

माझी उतरली ती एका पत्राने. हेल्थ व्हिजिटरच्या कोर्ससाठी मी अर्ज केला होता आणि विसरूनही गेले होते. मधल्या काळात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला गेला. अर्ज एका राज्यात केला, उत्तर दुसऱ्यातून आलं, आणि तरी ते मला मिळालं, हा सरकारी इतिहासातला चमत्कारच म्हणायचा. नागपूरला दीड वर्षाचं शिक्षण. अमुक सोमवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हा, न आल्यास जागा दुसरीला.

मला जायचं होतं. उच्च हेतू वगैरे होते, नाही असं नाही. एक नर्स आठ गावांना पुरत नाही, गावोगावच्या सुइणींना शिकवायला हवं, आणि ते शिकवायला आधी स्वतः शिकायला हवं, हे मला पटलं होतं. पण त्याहून मला नळाचं पाणी हवं होतं. विजेच्या दिव्याखाली वाचायचं होतं. माझ्या वयाच्या बायांबरोबर बसून काहीही कारण नसताना हसायचं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, ही गोष्ट गावात माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हती.

वरोऱ्याला माझा थोरला भाऊ जिनिंगमध्ये कारकून होता. त्याला कळवलं. उलट टपाली उत्तर आलं, "ताई, तुझ्या त्यागाचं उदाहरण मी चारचौघांत देतो. खेड्यात राहून सेवा करणं वेगळं आणि नागपुरात एकटीने राहणं वेगळं. लोक काय म्हणतील याचा विचार कर." भाऊ मोठा असून मला ताई म्हणू लागला होता, यावरून माझी पदोन्नती कुठवर गेली होती ते ध्यानात यावं. सहा कोस जंगलातून अनोळखी गाडीवानाबरोबर जाणारी विधवा बहीण त्याला चालत होती. शहरात वही घेऊन बाकावर बसणारी चालत नव्हती.

पाटलांनी तर कमालच केली. मी जाणार हे कळताच त्यांनी माझा सत्कार ठेवला. निरोपाचा नव्हे बरं का, न जाण्याचा. मारुतीच्या पारावर मला बसवलं, नारळ दिला, झेंडूचा हार घातला. पाटील उभे राहून म्हणाले, "या बाईनं आपल्यासाठी घरदार सोडलं, संसार सोडला." संसार मी सोडला नव्हता, संसार मला सोडून गेला होता. पण गळ्यात हार असताना असल्या दुरुस्त्या करता येत नाहीत. पाटील पुढे म्हणाले, "आमची बाई आम्हाला सोडून जाऊन राह्यली, असं कोनी कोनी बोलून राह्यले. मी म्हनतो, माय कधी लेकराले सोडते का?" टाळ्या झाल्या. बुधाबाई मागे खांबाला टेकून बसली होती. तिने टाळी वाजवली नाही.

तरीही मी ठरवलं. सोमवारच्या आधीचे बारा दिवस नवी नाळ कापायची नाही. बाळंतपणाला जाईन, शेजारी बसेन, पण कात्री बुधाबाईच्या हाती. तीन वर्षं ती माझ्या बाजूला बसून सगळं पाहत होती, माझ्याबरोबर हात धूत होती. मला वाटायचं, नक्कल करते. त्या बारा दिवसांत दोन बाळंतपणं आली आणि दोन्ही घरच्यांनी कात्री माझ्याच हातात दिसायला हवी म्हणून हट्ट धरला. मी ऐकलं नाही. दोन्ही वेळा बुधाबाईने कापली, दोन्ही बाळं छान. जुन्या सगळ्या नाळा पडल्या. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या नावावर एकही बाकी नव्हती. तीन वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी पाटलांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. वत्सला तिचं नाव, पहिलटकरीण. पाटील दारातच उभे. "बाई, दुसऱ्याच्या घरचं जाऊ द्या. पाटलाच्या घरची नाळ तुमच्याच हातानं झाली पाह्यजे." मी म्हटलं, आधी बाळ तर येऊ द्या. बुधाबाई वत्सलेच्या पाठीमागे आधाराला बसली, मी पुढे.

दुपार झाली. डोकं बाहेर आलं आणि माझ्या बोटांना लागलं, नाळेचे गळ्याभोवती दोन वेढे. सैल असते तर डोक्यावरून सरकवले असते. ते काचलेले होते. अशा वेळी बाळ पूर्ण येईपर्यंत थांबायचं नसतं, तिथल्या तिथे बांधून कापायचं असतं. मी कात्री उचलली.

पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझा हात थांबला. किती वेळ? एक श्वास घ्यायला लागतो तेवढा. तेवढ्यात माझ्या मनात सोमवार येऊन गेला. समोर निळं पडत चाललेलं बाळ आणि माझ्या मनात नागपूर. मी कापणारच होते, याबद्दल मला शंका नाही. पण हात थांबला होता.

बुधाबाईने वत्सलेच्या खांद्यावरून वाकून कात्री माझ्या हातातून काढून घेतली. "दोरा बांध," ती म्हणाली. मी बांधला. तिने कापली. वेढे सुटले, बाळ आलं, मी त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या आणि ते रडलं. मुलगा होता. मग मीही रडले, आणि बायांना वाटलं आनंदाने.

अंगणात पाटलांनी विचारलं, "नाळ कोनं कापली?"

"मी कापली," बुधाबाई म्हणाली.

नातू झाल्याच्या आनंदावर थोडं पाणी पडलेलं मी पाहिलं. पण नातू जिवंत होता आणि रडत होता, त्यामुळे पाटलांना बोलता येईना.

आम्ही दोघी विहिरीवर हात धुवायला गेलो. मी म्हटलं, बुधाबाई, तू माझ्यासाठी फार केलंस. तिला ते आवडलं नाही.

"तुह्यासाठी काऊन करीन? तुहा हात थांबला थे मी पाह्यलं. हात थांबला का सुईनीनं एक तं घरी बसाव, नाई तं गाव सोडाव. तू सोड."

ती पदराने हात पुसत राहिली आणि मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "देवी म्हनते तं बरं वाटते. मले मालूम हाय. मले बी म्हनत होते, तू येन्याच्या आधी. चाळीस साल मी चांद्याची महाकाली नाई पाह्यली. चैत आला का कोनाची ना कोनाची नाळ राहेच. तू आली, कापा लागली, मंग मी गेली. दोन चैत गेली. आता तू जाय."

मला माहीतच नव्हतं. ती दोन वर्षं महाकालीच्या यात्रेला जाऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारीचं काम मी हिरावलं म्हणून रुसून गेली. मी म्हटलं, "मग पुन्हा तू अडकशील."

"मले अडकाची सवय हाय. तुले नाई पडली. पडाच्या आधी जाय."

रविवारी फकिराने मला डोंग्यात घेतलं. काठावर पोचवायला कुणी आलं नव्हतं, सत्कार आधीच उरकला होता. पलीकडून बैलगाडीने मूल गावाला गेले आणि तिथून रेल्वेने नागपूर. सोमवारी वेळेत हजर झाले.

दीड वर्ष मी नळाचं पाणी प्याले, दिव्याखाली वाचलं आणि कारण नसताना पोटभर हसले. भावाने सहा महिने पत्र टाकलं नाही. सातव्या महिन्यात कळलं की तो चारचौघांत सांगतो, माझी बहीण नागपूरला शिकते. माझ्यावाचून गाव बुडेल असं मला वाटलं होतं. गाव बुडालं नाही. नवी नर्स वर्षभर आली नाही, तरी बुधाबाई एकटीने कात्री उकळत राहिली आणि बाळं जगत राहिली. हे ऐकून मला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. देवीपण लवकर जात नाही.

कोर्स संपला आणि मला वरोऱ्याकडची जागा मिळाली. रुजू होण्याआधी हाताशी थोडे दिवस होते म्हणून मी त्या गावी गेले. चैत्र होता. यात्रेला जाणाऱ्या गाड्या नदीच्या उथळ उतारातून पलीकडे जात होत्या. बुधाबाई चुलीपाशी बसली होती आणि मडक्यात कात्री उकळत होती. सध्या चार नाळा बाकी आहेत म्हणाली. एक आज पडेल, एक उद्या, दोनांना वेळ आहे.

मी म्हटलं, "आता येतील ती बाळंतपणं मी करते. तुझ्या हातच्या नाळा पडल्या की तू चांद्याला जा. यात्रा अजून आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता, हे मी खोटं सांगणार नाही.

"किती दिवस हायेस?"

"दोन."

तिने चिमट्याने कात्री बाहेर काढली, झटकली, आणि धुतलेल्या फडक्यावर ठेवली.

"दोन दिवसात कोनाची नाळ पडते, बाई?"

तारेने आठवडाभराची मुदत मागता आली असती. नव्या साहेबांनी दिलीही असती. मी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी महाकालीला निघालेल्या बायांच्या गाडीत एक जागा रिकामी होती. त्यांनी मला बोलावलं, आणि मी बसले.